क्लॅम्प काढल्यावर गर्भाशयात काय होतं? (आणि जीवनसत्त्वांचा त्यात वाटा किती)

भिंगवाली

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मागे दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "रक्तपुरवठा तुटून प्राण्यांच्या गर्भाशयाला होणारी इजा क आणि ई जीवनसत्त्वाने कमी होते म्हणे, खरं का?" तिथे दोन ओळी खरडून मोकळी झाले आणि नंतर चुटपुट लागली. या विषयावर मी स्वतः उंदरांवर काम केलं आहे, तर थोडं पाहिलेलं आणि थोडं वाचलेलं इथे मांडते.

आधी पाहिलेलं. उंदराच्या मादीचं गर्भाशय आपल्यासारखी एकच पिशवी नसते. दोन लांबट शिंगं असतात, खाली जुळलेली. भूल देऊन पोट उघडायचं, महाधमनी खाली दोन फाट्यांत फुटते त्याच्या जरा वर इवलासा क्लॅम्प लावायचा. अंडाशयाच्या बाजूने येणारी वाहिनीही दाबावी लागते, नाहीतर वरून रक्त झिरपत राहतं आणि आपण उगाच समजतो की पुरवठा बंद आहे. काही मिनिटांत शिंगांचा गुलाबी रंग उतरतो. आधी फिकट, मग करडट जांभळा. ठरलेला वेळ झाला की क्लॅम्प काढायचा, आणि रंग परत येतो तो अक्षरशः बघता बघता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हुश्श केलं. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "हुश्श काय करतेस? खरी इजा आता सुरू झाली."

याला इस्किमिया-रिपरफ्युजन म्हणतात, आमच्या बोलण्यात नुसतं 'आय-आर'. रक्त तुटल्याने नुकसान होतं हे कुणालाही कळतं. रक्त परत आल्याने होतं हे गळी उतरायला वेळ लागतो. पार्क्स आणि ग्रेंजर यांनी १९८६ साली मांजराच्या आतड्यावर जो प्रयोग केला तो मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. काही प्राण्यांत ४ तास पुरवठा तोडलेला, काहींत ३ तास तोडून १ तास परत सुरू केलेला. एकूण वेळ तोच, पण इजा दुसऱ्या गटात जास्त.

कारण थोडक्यात असं. रक्त नसताना पेशीतलं एटीपी (पेशीचं इंधन) मोडत मोडत हायपोझॅन्थिनपर्यंत येतं आणि साचतं. त्याच वेळी झॅन्थिन डिहायड्रोजिनेज या विकराचं (एन्झाइमचं) रूप बदलून ते झॅन्थिन ऑक्सिडेज होतं. आता फक्त प्राणवायूची वाट असते. क्लॅम्प निघाला, प्राणवायू आला, की हा विकर साचलेल्या मालावर तुटून पडतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली जहाल मंडळी ढिगाने बाहेर पडतात. मॅकॉर्ड यांनी १९८५ मध्ये हे चित्र नीट जोडून दाखवलं. मायटोकॉन्ड्रियात साचलेलं सक्सिनेटही असाच गोंधळ घालतं, हे २०१४ मध्ये पुढे आलं. मग कॅल्शियम पेशीत घुसतं, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटून आत शिरतात, सूज येते. जीवनसत्त्वांचा विचार येतो तो इथे: त्या जहाल रेणूंना कुणीतरी आवरायला हवं.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते म्हणजे वाद घालायला बरं. उंदरांत काही निकषांवर फायदा दिसतो, आणि तो खोटा नाही. पण जीवनसत्त्व *कधी* दिलं हा प्रश्न *कोणतं* दिलं याहून मोठा आहे. लेखांची शीर्षकं मात्र 'कोणतं' वरच थांबतात.

उगाच_एक

वाचतोय. बाळबोध शंका: प्राणवायूच खलनायक असेल तर रक्त परत सोडूच नये की!

भिंगवाली

@उगाच_एक, मग ते शिंग मरेलच, सावकाश. :) सोडावं तर लागतंच. कसं सोडावं, हा प्रश्न. कुत्र्याच्या हृदयावर १९८६ मध्येच दिसलं होतं की मोठ्या अडवणुकीआधी पाच-पाच मिनिटांच्या चार छोट्या अडवणुका केल्या तर नंतरची इजा बरीच कमी होते. म्हणजे ऊतीला तालीम देता येते. तिथे कुठलंच औषध नव्हतं.

खलबत्ता

धाग्याचा विषय आवडला. औषधांच्या बाजूने थोडी भर घालतो.

ई जीवनसत्त्वाचा शोधच मुळी उंदराच्या गर्भाशयातून लागलेला आहे, हे इथे यायलाच हवं. १९२२ साली इव्हान्स आणि बिशप यांनी शुद्ध केलेल्या आहारावर उंदीर वाढवले. माद्या धडधाकट, माजावर यायच्या, गर्भही धरायचा, पण तो आतल्या आत विरघळून जायचा. आहारात लेट्यूसची पानं दिली की पिल्लं नीट जन्माला यायची. पुढे १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो घटक वेगळा काढला आणि नाव ठेवलं टोकोफेरॉल: ग्रीकमध्ये 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म आणि 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणं. यावरून 'ई म्हणजे गर्भाशयाचं टॉनिक' असा अर्थ पुष्कळ जण काढतात. तो चुकीचा आहे. ती कमतरतेची गोष्ट होती. कमतरता भरून काढणं वेगळं आणि पोटभर मिळत असताना वर आणखी ओतणं वेगळं.

कामाची वाटणी अशी: ई तेलात विरघळतं, पेशीच्या पडद्यात बसतं आणि स्निग्धांशाच्या जळण्याची साखळी तोडतं. तसं करताना ते स्वतः खर्ची पडतं, आणि क त्याला पुन्हा कामाला लावतं. क पाण्यात विरघळतं, शिरेतून दिलं की लगेच सगळीकडे. ई मात्र पडद्यात जाऊन बसायला दिवस घेतं. त्यामुळे 'क्लॅम्प काढण्याआधी अर्धा तास ई टोचलं' असं वाचलं की माझी भुवई वर जाते.

क बद्दलही एक खोच आहे. सुपरऑक्साइडला ते आवरतं हे खरं, पण नायट्रिक ऑक्साइड त्याच सुपरऑक्साइडशी क पेक्षा दहा हजारांहून जास्त पटींनी वेगाने जोडलं जातं. शर्यत जिंकायची तर क खूप मोठ्या प्रमाणात रक्तात हवं. तोंडाने कितीही घेतलं तरी आतडं एका मर्यादेपुढे शोषत नाही आणि उरलेलं मूत्रपिंड फेकून देतं. शिवाय मोकळं लोह हाताशी असेल तर क उलटा खेळही करतं. इजा झालेल्या ऊतीत मोकळं लोह असतंच.

आणि गंमत बी-२ ची. रायबोफ्लेविनपासून (म्हणजे बी-२ पासून) एफएडी हा विकरांचा मदतनीस रेणू बनतो, आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज हा रक्षक विकर एफएडीवर चालतो. म्हणून 'बी-२ द्या, रक्षण वाढेल' असा तर्क. पण भिंगवालीताईंनी ज्या झॅन्थिन ऑक्सिडेजला आरोपी केलं, तोही एफएडीवरच चालतो! चोर आणि शिपाई एकाच घरचं जेवतात.

उगाच_एक

चोर-शिपाई __/\__

शंकासुर

छान चाललंय, पण थोडं पाणी ओततो.

ऑक्सिडीकरणाची इजा, त्यावर प्रतिबंधक, प्राण्यात मस्त निकाल, माणसात भोपळा. हा सिनेमा आम्ही खूपदा पाहिला आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज म्हणजे थेट सुपरऑक्साइड मोडणारा विकर. तो हृदयविकाराच्या रुग्णांना रक्तवाहिनी उघडताना दिला, १९९४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. थेट शिपाईच पाठवला तरी काही झालं नाही, मग क आणि ईचं काय घेऊन बसलात?

गर्भाशयाच्या जवळचं उदाहरण हवं तर गरोदरपणातला उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया. तिथेही वारेला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, हा सिद्धांत. १९९९ मध्ये २८३ स्त्रियांच्या चाचणीत क आणि ई देऊन आशादायक निकाल आला. सगळीकडे आनंदीआनंद. २००६ मध्ये मोठी चाचणी झाली, सुमारे २,४०० स्त्रिया, रोज क १,००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट. प्रीएक्लॅम्प्सिया टळला नाही, वर कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. २०१० मध्ये सुमारे १०,००० स्त्रियांवर पुन्हा तपासलं, पुन्हा फायदा नाही.

आता गटात सहा-सात उंदीर असलेल्या प्रयोगावर मी किती विश्वास ठेवावा?

भिंगवाली

@शंकासुर, यातलं बहुतेक मान्य. उंदरांच्या प्रयोगांवर तुमच्याहून कडक टीका मीच करणार आहे, कारण माझं त्यात हसं झालेलं आहे. पण प्रीएक्लॅम्प्सियाचं उदाहरण इथे पुरतं लागू नाही. तिथे पुरवठा महिनोन् महिने कमी असतो, एका क्षणी तुटून एका क्षणी परत येत नाही. क्लॅम्पची इजा मिनिटांची आहे. तुमचं हृदयाचं उदाहरण जास्त बोचतं, ते मी घेते.

आता माझं हसं. आमच्या पहिल्या खेपेत क जीवनसत्त्व दिलेल्या गटातल्या शिंगांची सूज नुसत्या डोळ्यांनी कमी दिसत होती. स्लाईडवरही तसंच: न दिलेल्या गटात अस्तराखालचा थर पाणावलेला, पेशी एकमेकींपासून फाकलेल्या, मधे लालसर दाण्यांच्या पांढऱ्या पेशी. दिलेल्या गटात घट्ट, शांत. मी मनात पेढे वाटले. काम दाखवायला गेले तर समोरच्या ज्येष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला: "या माद्या माजाच्या कुठल्या अवस्थेत होत्या?"

मला घाम. आम्ही बघितलंच नव्हतं.

उंदराचं माजाचं चक्र ४-५ दिवसांचं. माजावर येण्याच्या आदल्या दिवशी इस्ट्रोजेन वाढतं आणि गर्भाशय नुसतं पाण्याने फुगतं, शिंगं पारदर्शक दिसायला लागतात. ती निव्वळ निसर्गाची सूज, कसलीच इजा नाही. इतकी खात्रीची, की १९३८ मध्ये ॲस्टवुड यांनी तीच मोजपट्टी केली: कोवळ्या माद्यांना नमुना टोचायचा, सहा तासांनी गर्भाशय वजन करायचं, किती पाणी धरलं त्यावरून इस्ट्रोजेन किती ते काढायचं. आणि ते लालसर दाण्यांचे इओसिनोफिल? तेही इस्ट्रोजेनच्या हाकेला गर्भाशयात येतात. म्हणजे मी ज्याला 'इजा' म्हणून गुण देत होते त्यातलं निम्मं कदाचित माज होता!

नशिबाने स्लाईड ज्यातून कापल्या त्याच मेणाच्या ठोकळ्यांत योनीमार्गाचा तुकडा चिकटून आलेला होता. त्याच्या अस्तरावरून अवस्था ओळखता येते. रात्री बसून एकेक स्लाईड पाहिली, आणि न दिलेल्या गटात माजाच्या उंबरठ्यावरच्या माद्या जास्त भरलेल्या निघाल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. सहा-सातच्या गटात चिठ्ठ्या टाकूनही असं होऊ शकतं. सूज हा निकष मी त्या खेपेतून काढूनच टाकला.

दुसऱ्या खेपेला रोज सकाळी योनीमार्गातल्या पेशींचा स्मिअर. काचेवर एक थेंब, भिंगाखाली: पत्र्यासारख्या, केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या पेशी दिसल्या की माज. बारक्या पांढऱ्या पेशींचा सडा दिसला की माज ओसरलेला, ती मादी घ्यायची. (माझं इथलं नाव तेव्हापासूनचं.)

त्यामुळे असा कुठलाही लेख वाचताना मी पहिल्यांदा स्मिअरचा उल्लेख शोधते. नसेल तर सूज आणि पांढऱ्या पेशींचे आकडे बाजूला ठेवते. एमडीए पाहते, पण तेही जपून. स्निग्धांश जळल्याची ती खूण. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवलं की छान गुलाबी रंग येतो आणि यंत्र ५३२ नॅनोमीटरवर तो मोजतं. पण इतर काही संयुगंही तिथे रंग देतात. कॅटलेजचं तर विचारूच नका. लाल पेशींत ते ठासून भरलेलं असतं, त्यामुळे रक्ताने तुंबलेल्या गर्भाशयात 'रक्षक विकर वाढला' असं दिसतं. वाढलेलं असतं ते रक्त.

खलबत्ता

हे इओसिनोफिलचं माहीत नव्हतं, बाप रे.

एक राहिलं. उंदीर स्वतःचं क स्वतःच्या यकृतात बनवतो. आपल्यात आणि गिनीपिगमध्ये त्यासाठी लागणारा शेवटचा विकर निकामी आहे. त्यामुळे उंदराला क देणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणं. फायदा दिसला तर तो औषधासारख्या मोठ्या मात्रेचा फायदा, जीवनसत्त्वाचा नव्हे. आणि मात्रा तशीच्या तशी माणसाला लावायची नसते. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने उंदराची किलोमागची मात्रा साधारण ६.२ ने भागतात. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाला जेमतेम एक ग्रॅम. लोक १०० ला ६० ने गुणून सहा ग्रॅम काढतात आणि इथे येऊन विचारतात, घेऊ का?

अबोली२२

खूप माहितीपूर्ण. माझा प्रश्न वेगळा आहे. पाळीच्या वेळीही गर्भाशयाचं रक्त तुटतं ना? मग ही इजा दर महिन्याला होत असणार?

भिंगवाली

@अबोली२२, फार चांगला प्रश्न. मार्की यांनी १९४० मध्ये ऱ्हीसस माकडांच्या गर्भाशयाचं अस्तर त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रुजवलं आणि बुबुळाच्या काचेतून महिनाभराचं चक्र पाहत बसले. (कल्पना करा!) रक्तस्राव सुरू व्हायच्या काही तास आधी सर्पिल धमन्या आवळल्या जाताना दिसल्या. म्हणजे पुरवठा तुटणं हा आपल्या अस्तराच्या नेहमीच्या कारभाराचा भाग आहे, आणि तो थर टाकूनच द्यायचा असतो. उंदराला पाळी येत नाही. आणखी एक कारण, उंदराचा निकाल सरळ उचलून आपल्याला न लावण्याचं.

गर्भाशय तसा चिवट अवयव आहे. प्रत्यारोपणात हे दिसलं. छोट्या जातीच्या उंदरांत (माऊस) २४ तास थंड ठेवलेलं गर्भाशय बसवूनही पिल्लं झाली आहेत. माणसात २००० सालचा एक प्रयत्न रक्ताची गुठळी होऊन ९९ व्या दिवशी फसला. मग स्वीडनमध्ये ब्रॅनस्ट्रॉम यांच्या गटाने उंदीर, मेंढ्या, बबून असं करत करत वर्षानुवर्षं घालवली आणि २०१४ मध्ये पहिलं बाळ जन्मलं. त्यांचा मुख्य भर थंडावा, वेळ आणि टाके यांवर होता.

रवंथ

उशिरा आलो. मी जनावरांचा डॉक्टर. तुमचा क्लॅम्प प्रयोगशाळेत, माझा गोठ्यात: म्हशीच्या गर्भाशयाला पडलेला पीळ.

दिवस भरलेली म्हैस, कळा येतात आणि थांबतात, शेपटी हलवते, पाय झाडते. हात घातला की योनीमार्गाच्या भिंतीला मळसूत्री घड्या लागतात, त्या कुठल्या बाजूला वळल्यात त्यावरून पीळ उजवा की डावा ते कळतं. म्हशीत बहुतेक उजवाच. मग जनावर पिळाच्या बाजूला पाडायचं, पोटावर फळी ठेवायची, एकाने फळीवर भार द्यायचा आणि बाकीच्यांनी जनावर पिळाच्याच दिशेने लोळवायचं. गर्भाशय फळीखाली अडकून राहतं, शरीर फिरतं, पीळ सुटतो. सुटला की हाताला कळतं: घड्या गायब, आणि बऱ्याचदा तांबूस पाणी हातावर येतं.

क्लॅम्पपेक्षा एक मोठा फरक आहे. पिळात आधी नीला दबते, कारण तिची भिंत पातळ. धमनीतून रक्त येत राहतं. तुमचा क्लॅम्प म्हणजे नळ बंद. पीळ म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली. म्हणून गर्भाशय फिकट होत नाही, काळंनिळं आणि सुजलेलं होतं. दीड-दोन दिवस उलटलेले असले तर भिंत ओल्या कागदासारखी लागते. आणि कधी कधी पीळ व्यवस्थित सुटतो, सगळे खूश, आणि काही तासांनी जनावर खचतं. तुमच्या बाईंचं वाक्य वाचून तेच आठवलं.

ई आणि सेलेनियम आम्ही वापरतो, पण दुसऱ्या कारणासाठी. वार अडकू नये म्हणून, गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात. जिथे नुसता वाळला चारा आहे तिथे उपयोग दिसतो, हिरव्यावर असलेल्या जनावरात फारसा नाही. म्हणजे खलबत्ता म्हणतात तेच, कमतरतेची गोष्ट. सेलेनियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, कुणी आपल्या मनाने टोचू नये. आणि गंमत बघा: वार सुटायला पांढऱ्या पेशी तिथे पोचून काम करायला हव्यात, ई-सेलेनियम त्यांना धड ठेवतं. तुमच्या गोष्टीत त्याच पेशी खलनायक.

उगाच_एक

डॉक्टर, मग पीळ सोडवायच्या *आधीच* क टोचलं तर? भिंगवालीताई म्हणतात की कधी दिलं ते महत्त्वाचं. हृदयविकारात माणूस येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन जातं, पण इथे फळी कधी ठेवायची ते तर तुमच्याच हातात आहे!

शंकासुर

हा 'उगाच' आयडी बदला आता.

भिंगवाली

@उगाच_एक, हाच मुद्दा मला पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवा होता. प्रयोगात जीवनसत्त्व आधी देता येतं कारण क्लॅम्प आपणच लावणार असतो. गोठ्यात पीळ आधी पडलेला असतो, त्यामुळे 'आधी' ही संधी गेली असं मी धरून चालले होते. पण रक्त परत येण्याचा क्षण खरोखर डॉक्टरांच्या हातात आहे. शिरेतून दिलेलं क पिळाच्या आत फारसं पोचणार नाही, पण पीळ सुटल्यावर जे पहिलं रक्त आत शिरेल त्यात ते असेल. ई बाद, त्याला दिवस लागतात. म्हणजे एकच उमेदवार, एकच वेळ. होईलच असं नाही. म्हैसही स्वतःचं क बनवते, आणि शंकासुरांचा १९९४ चा दाखला माझ्या डोक्यावर टांगलेला आहेच. पण निदान प्रश्न नीट मांडला गेला.

@रवंथ, कधी करून पाहिलंत तर न टोचलेल्यांच्याही नोंदी ठेवाल का? पीळ किती वेळाचा, पाण्याचा रंग, सुटल्यानंतर चोवीस तासांनी जनावर कसं?

रवंथ

न टोचलेल्यांच्या वह्या भरल्यात, ताई. किती वेळाचा पीळ, कुठल्या बाजूचा, वासरू जिवंत का मेलेलं, सगळं आहे. आत्ता दोन वह्या काढून बघितल्या. पीळ नेमका किती वाजता सुटला, ते मात्र एकाही पानावर नाही.